सोमवारचा दुधी

माझ्या उजव्या पायाला आता चार बोटं आहेत. अंगठा गेला. पाय राहिला, पण तो राहील की घोट्याच्या वरून कापावा लागेल हे तीन महिने कोणीच छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. त्या तीन महिन्यांचं हे लिहिते आहे. शुगरमध्ये काय खावं, कुठला काढा घ्यावा, हे सांगणारे आमच्या जबलपुरात पैशाला पासरी मिळतात, त्यात माझी भर नको. मला माझी चूक सांगायची आहे. वारांचे आणि तिथींचे उपास करणाऱ्या आपल्या घरांतल्या बायांनाच ती होऊ शकते, म्हणून त्यांनी ती वाचावी.

मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. वर्गात जीभ तिखट होती, घरीही आहे. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी, मुलगा निखिल आणि सून रश्मी. रश्मीचं माहेर इथल्याच घमापुरचं, हिंदीभाषी. माझी मराठी तिला सगळी समजते, उत्तर ती हिंदीत देते, आणि आठ वर्षांत आम्हा दोघींना त्याची सवय झाली आहे.

फोड

शुगर मला बारा वर्षांपासून होती. कोणी विचारलं तर मी ‘थोडीशी आहे’ म्हणायची.

वैशाखातला सोमवार होता. ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी आणलं आणि महादेवाच्या देवळात अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या, भर दुपारी बारा वाजता. फरशी तापली होती. बाकीच्या बाया टाचा उचलून पळत होत्या आणि मी सावकाश, नाव घेत घेत चालत होते. मनात म्हटलंसुद्धा, श्रद्धा असली की चटका बसत नाही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याखाली बोराएवढा फोड होता. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून हळद लावली आणि विसरून गेले.

तीन आठवड्यांनी रश्मी माझ्या खोलीत आली आणि दारातच थांबली. “आई, ये बदबू कहाँ से आ रही है?”

मी म्हटलं, “उंदीर मेला असेल कुठं तरी, पाहा बरं.”

ती बिचारी ओणवी होऊन पलंगाखाली शोधू लागली. शोधता शोधता माझ्या पायाशी आली आणि तिथेच बसून राहिली. मग तिने निखिलला फोन केला.

नेपियर टाउनमधल्या दवाखान्यात सर्जनने मला डोळे मिटायला सांगितलं. “मैं सुई छुआऊँगा. जहाँ चुभे, बताइए.” मी मिटले. बराच वेळ गेला. मला वाटलं त्यांना सुई सापडत नाहीये.

मी म्हटलं, “डॉक्टर साहब, शुरू तो कीजिए.”

डोळे उघडले तेव्हा निखिल खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि रश्मीच्या डोळ्यांत पाणी होतं. सर्जनचं सात ठिकाणी टोचून झालं होतं. एका ठिकाणी रक्ताचा थेंबही आला होता. आपलाच पाय आपल्याला कळवत नाही, हे त्या दिवशी समजलं. दोन दिवसांनी अंगठा काढला.

अकरा दिवस

वॉर्डात पहाटे पाचला ताप बघायला येत. मग फिनाइलचा पोछा, मग चहा, बिनसाखरेचा. नऊच्या सुमारास ड्रेसिंगची गाडी निघे. तिचं एक चाक करकरायचं. लांबून तो आवाज आला की वॉर्डातल्या सगळ्या बायका बोलणं थांबवायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. मी घेत नव्हते, कारण मला दुखतच नव्हतं. त्याचं सगळे कौतुक करायचे, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

सहाव्या दिवशी तिथली आया माझे केस धुवायला आली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “मैडम, आपने पहचाना नहीं. मेरी बेटी को आपने पढ़ाया है. नौवीं में फेल किया था.” तिने बादलीत गरम पाणी घेतलं, माझी मान खाटेच्या कडेला टेकवली, मगाने हळूहळू पाणी ओतलं आणि दोनदा विचारलं, ज़्यादा गरम तो नहीं? फेल केल्याचं पुन्हा काढलं नाही. त्या अकरा दिवसांत मी एकदाच रडले, ते तेव्हा.

नसलेला अंगठा खाजायचा. खाजवायला हात न्यावा तर तिथे पट्टी. अशाच एका दुपारी मी नवस बोलले. महादेवा, पाय ठेव. जखम भरेपर्यंत तुझा सोमवार करीन, आणि गुरुवारी दत्ताचाही उपास करीन. सोमवार जन्मभर केला होता, गुरुवार नवीन. देवाशी सौदा करताना काहीतरी वाढवून द्यावं लागतं, असं मला वाटलं.

घरी सोडण्याच्या दिवशी आहाराचं सांगणारी एक मुलगी कागद घेऊन आली. चावल नहीं, आलू नहीं, शक्कर-मैदा नहीं. भाप की सब्ज़ी, दाल, दही, रोटी नाप के. सगळं सांगून तिने विचारलं, “आंटी, व्रत-उपवास रखती हैं क्या? अभी बिलकुल मत रखिएगा. रखना ही पड़े तो पहले हमें बताइए.”

मी म्हटलं, “अब कहाँ.”

रश्मी शेजारी उभी होती. हे माझं पहिलं खोटं.

वाफेची भाजी

त्या कागदावरची भाजी रश्मीने कशी केली ते सांगते, कारण ती मी आजही रोज खाते आणि आता माझा तिच्यावर काही राग नाही.

मोदकपात्र आमच्याकडे गणपतीतच निघायचं. रश्मीने ते फळीवरून काढून ओट्यावर ठेवलं तेव्हा मी म्हटलंच, “ते मोदकांचं आहे.” ती म्हणाली, “आई, मोदक तो अब बनेंगे नहीं, बेचारा साल भर खाली बैठा रहेगा.” सकाळी ती फुलकोबीचे मोठे तुरे काढायची, फरसबी बोटाएवढी कापायची, कधी पत्ताकोबी, कधी शिमला मिरची. आधी पाणी खळखळ उकळू द्यायचं, मगच चाळणी वर ठेवायची. कोबीला सात मिनिटं, फरसबीला नऊ. मध्ये झाकण उघडायचं नाही. मीठ आधी घातलं तर भाज्या पाणी सोडतात आणि लिबलिबीत होतात, म्हणून मीठ शेवटी. मग चमचाभर तेलात मोहरी, हळद, कढीपत्ता, थोडे तीळ, आणि ती फोडणी वरून. लिंबू. वर सांभार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. एकूण पंधरा मिनिटांचं काम, पण ती ते घड्याळ समोर ठेवून करायची. सकाळी साडेदहाला तिला नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये शिकवायला जायचं असे, अडीचला परत. त्याआधी माझं जेवण झाकून, दह्याची वाटी वेगळी, पोळी मोजून एक.

पहिल्या दिवशी घास घेतला आणि म्हटलं, “हे तर आजाऱ्याचं जेवण आहे.”

“जी,” ती म्हणाली. तिने ते मुद्दाम म्हटलं नाही, पण मला लागलं.

वाढलेली भाजी खाल्ली की दोन तासांनी शुगर बघायची, असं सर्जनने सांगितलं होतं. रश्मी आल्यावर बोट टोचायची, आकडा वहीत लिहायची. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळे ठीक. सोमवारी आणि गुरुवारी मात्र आकडा तीनशेच्या वर.

सुलूचा डबा

सुलू माझी मैत्रीण. शाळेत ती मराठी-हिंदी शिकवायची, दोन गल्ल्या सोडून राहते. सोमवारी आणि गुरुवारी बारा वाजता ती यायची आणि पदराखालून स्टीलचा डबा काढायची. साबुदाण्याची खिचडी, कधी बटाट्याचा कीस, कधी भगर आणि दाण्याची आमटी. वरून एखादा राजगिऱ्याचा लाडू. नवसाचं मी तिला एकटीलाच सांगितलं होतं.

“घरी नाही सांगितलं ते बरंच केलं,” ती म्हणाली. “आजकालच्या पोरांना काय समजते. उपासाचं कधी बाधत नाही ग.”

मीही तेच मानत होते. आजही मला त्याचं आश्चर्य वाटतं. कागदावर ‘आलू नहीं’ लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं, पण तो बटाटा वेगळा आणि उपासाचा वेगळा. साबुदाणा म्हणजे तर जेवणच नव्हे, साबुदाणा म्हणजे न जेवणं. लहानपणी माझी आई म्हणायची, आज मी काही खाल्लं नाही, नुसती खिचडी खाल्ली. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल, पण ती दुसऱ्यांसाठी होती.

रश्मीची भाजी टाकवत नव्हती, अन्न आहे. म्हणून खिचडी मी माझ्या ताटात घ्यायची आणि वाफेची भाजी पोळीसकट सुलूच्या डब्यात भरून द्यायची. ती घरी नेऊन खायची. महिनाभरात सुलूचं पोट कमी झालं, लोक तिला विचारू लागले काय करून राहिली म्हणून. माझी जखम मात्र जिथल्या तिथे होती, फिकट आणि ओली.

आकडा वाढला की मी म्हणायची, यंत्र बिघडलं आहे. निखिलने नवीन यंत्र आणलं. तेही तेच सांगू लागलं. मग एका गुरुवारी माझ्या तोंडून निघालं, “भाजीत काय टाकतेस ग तू?”

रश्मीने वही मिटली. “कुछ नहीं, आई.”

मी हे बोलले, आणि पोटात तेव्हा साबुदाणा होता.

घर में खाना कौन बनाता है

दीड महिना झाला तेव्हा सर्जनने पट्टी सोडली, पाहिलं, आणि वही मागितली. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळाला आठी पडली. दवाखाना भरलेला होता, दार उघडंच होतं, बाकावरच्या लोकांना सगळं ऐकू जात होतं.

“घर में खाना कौन बनाता है?”

रश्मी पुढे झाली. “मैं.”

“पढ़ी-लिखी हैं आप?”

“जी.”

“तो ये क्या है? तीन सौ बीस, तीन सौ चालीस. क्या खिला रही हैं इनको? मैं यहाँ सफ़ाई करता रहूँ और आप घर पर ज़हर देती रहें? दो हफ़्ते देता हूँ. नहीं भरा तो टखने के ऊपर से लेना पड़ेगा. फिर मेरे पास मत रोइएगा.”

मी त्या उंच खाटेवर पाय लांब करून बसले होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण पाय कापायचा हे ऐकून मी आतून हादरले होते, आणि दुसरंही होतं, ते लपवत नाही. सुनेसमोर, मुलासमोर, त्या बाकावरच्या लोकांसमोर खोटारडी ठरायचं धाडस मला नव्हतं. चौतीस वर्षं मी मुलींना सांगत आले होते, चुकलं तर हात वर करून सांगा. मी पायाकडे बघत राहिले.

रश्मी एवढंच म्हणाली, “जी सर. ध्यान रखूँगी.”

गाडीत निखिल तिला बोलला. “नाप के बनाया करो यार. मम्मी का पैर है.” त्याला मी काय दोष देऊ? त्याला जे दिसत होतं ते तो बोलला. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात मोदकपात्र घासल्याचा आवाज खूप वेळ येत होता. ते आधीच स्वच्छ होतं.

मी खोलीत देवाला विचारलं, आता मी काय करू? उपास सोडला तर नवस मोडतो, मग पाय जाणारच. उपास ठेवला तर शुगर वाढते, मग पाय जाणार. शुगर उपासानेच वाढते हे मला त्या दिवशी कळलं होतं. खरं तर आधीच कळलं होतं, मी कळू दिलं नव्हतं. गणिताच्या बाईला दोन वार आणि दोन आकडे जुळवता येत नाहीत असं थोडंच असतं. पण नवस मोडायची भीती पाय जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. ज्यांनी कधी नवस बोलला नाही त्यांना हे समजणार नाही, आणि ज्यांनी बोलला आहे त्यांना सांगावं लागणार नाही.

सोमवार

पुढच्या सोमवारी रश्मी नेहमीप्रमाणे जेवण झाकून गेली. सुलू यायला पाच-दहा मिनिटं होती. मी सवयीने झाकण काढलं, भाजी डब्यात भरायला सोपी पडावी म्हणून.

कोबी नव्हती. फरसबी नव्हती. कोवळ्या दुधीच्या मोठ्या फोडी होत्या, साल काढलेल्या, वाफवून काचेसारख्या झालेल्या. पिवळ्या नव्हत्या, म्हणजे हळद नव्हती. मी चमच्याने हलवून पाहिलं. मोहरी नव्हती, तीळ नव्हते, कढीपत्ता नव्हता. तुपात तडतडलेलं जिरं होतं, हिरवी मिरची होती, दाण्याचं कूट होतं, तेही हात राखून घातलेलं. चव घेतली. मीठ सैंधव होतं. पोळी नव्हती. तिच्या जागी दह्याची वाटी मोठी होती आणि काकडी होती.

ताटातली एकेक गोष्ट उपासाची होती. एकही न चालणारी नव्हती. घमापुरच्या या मुलीच्या माहेरी आमच्यासारखे उपास करत नाहीत, तिच्या आईकडे सोमवारी काय चालतं आणि काय नाही याची यादी वेगळी. माझी यादी तिने आठ वर्षांत पाहून पाहून पाठ केली होती. ताट ठेवायची जागासुद्धा स्वच्छ पुसून घेतलेली होती, मला उपासाच्या दिवशी लागते तशी.

तिला माहीत होतं. वहीतले सोमवार-गुरुवार तिनेही जुळवले होते, पण कधीपासून ते मला समजेना. मी तो दुधी मांडीवर घेऊन बसून राहिले.

सुलू आली, डबा काढू लागली. मी म्हटलं, “आज नको.”

“काहून? उपास सोडला का?”

“नाही सोडला. हा दुधी खाऊन राहिली मी.”

तिने ताटात पाहिलं, बोटाने कूट चाचपलं, वास घेतला. सुलूला स्वयंपाकातलं सांगावं लागत नाही. ती हळूच खाली बसली.

“सूनबाईनं केला?”

“हो.”

“मग तिला माहीत आहे.”

“आहे.”

“अन्‌ बोलली नाही काही?”

“नाही.”

सुलूने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, “मी तुला विष आणून देत होती का ग?” मी म्हटलं, तू आणत होतीस, खात मी होते. तिचा काही दोष नव्हता आणि हे तिला नीट पटावं म्हणून मला ते तीनदा सांगावं लागलं.

दुधी मी सगळा खाल्ला. चांगला होता. मऊ होता पण मोडला नव्हता, जिऱ्याचा वास होता, मिरची बेताची. अडीचला रश्मी आली, हात धुतले, माझं बोट टोचलं. एकशे अठ्ठावन्न. तिने आकडा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता ती बोलेल. तिला वाटलं असेल आता मी बोलीन. ती म्हणाली, “चाय रख दूँ?” मी म्हटलं, ठेव.

गुरुवारी लाल भोपळा आणि दुधी, तसाच. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा दुधी, वर किसलेलं खोबरं. वहीत आता वार ओळखू येत नव्हते, सगळे आकडे सारखे दिसत होते. उपासही चालू होता, नवसही चालू होता. ज्या कोड्यात मी अडकले होते ते तिने एका मोदकपात्रात सोडवलं होतं, आणि मी अजून तोंड उघडत नव्हते. रोज ठरवायची, आज सांगीन. तिची पाठ दिसली की शब्द परत जायचे. सासूने सुनेची माफी मागायची कशी, हे आमच्या घरात मला कोणी करून दाखवलेलं नव्हतं. असं म्हणून मी सुटका करून घेत होते.

दोन आठवड्यांनी

पट्टी सोडताना सर्जन वाकून बराच वेळ पाहत राहिले. दिवा जवळ ओढला. कडेने दाबलं. मी निखिलचा हात धरला होता.

“भर रहा है,” ते म्हणाले. “लाल मांस आ गया है. अब काटने की बात नहीं करेंगे.”

निखिल स्टुलावर बसला. मी देवाचं नाव घेतलं. मला खूप आनंद झाला, इतका की काही क्षण मला खोलीत दुसरं कोणी दिसलंच नाही.

सर्जन वही चाळत होते. खूश होते. ते रश्मीकडे वळून हसले. “देखा आपने? उस दिन डाँटा तो असर हुआ. अब ढंग से बना रही हैं खाना. पहले ही बनातीं तो माताजी को इतनी तकलीफ़ नहीं होती.”

रश्मीने मान खाली घातली. “जी सर,” ती म्हणाली. निखिल तिच्याकडे पाहून हसला आणि त्याने मान हलवली, माफ केल्यासारखी.

ते मला सहन झालं नाही. शिव्या तिने माझ्या वाटच्या खाल्ल्या होत्या. आता शाबासकीतही तिच्याच माथी दोष येत होता.

“डॉक्टर साहब,” मी म्हटलं, “खाना पहले भी ढंग से बनता था. पहले दिन से. मैं खाती नहीं थी.”

त्यांना नीट कळलं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं. दार उघडंच होतं, बाकावर लोक होते, मी मुद्दाम वर्गातल्या आवाजात सांगितलं. सोमवार, गुरुवार, साबुदाणा, बटाटा, सुलूचा डबा, भाजी डब्यात भरून बाहेर पाठवणं. त्या दिवशी ते रश्मीला बोलत होते तेव्हाही मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. हिने मला कधी हटकलं नाही, उपासाला चालेल असा दुधी वाफवून ठेवला, तुम्ही जी जखम भरलेली पाहून राहिले ती त्या दुधीने भरली आहे, असं सांगितलं. मग रश्मीकडे पाहून मराठीत म्हटलं, “माझं चुकलं, बेटा. मला माफ कर.”

सर्जन आधी माझ्याकडे आणि मग रश्मीकडे बघत राहिले. “सॉरी,” ते तिला म्हणाले. निखिल उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

रश्मी बाहेर निघून गेली.

निखिल गाडी आणायला गेला. मी कुबडी टेकत बाहेर आले. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, समोरून ऑटो जात होते. मी तिच्या शेजारी बसले. बसायला मला वेळ लागला, तिने माझा दंड धरून बसवलं, तोंड दुसरीकडे ठेवूनच.

मी विचारलं, “तुला माहीत होतं, मग बोलली काहून नाहीस?”

“बोलती तो आप मेरे हाथ का खाना ही छोड़ देतीं,” ती म्हणाली. “मैं आपको जानती हूँ, आई.”

खरं होतं. मी तसंच केलं असतं.

मग तिने पदराने डोळे पुसले. पुसले तरी ते थांबत नव्हते. आठ वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला.

“बस उस दिन बोल देतीं,” ती म्हणाली. “जब वो मुझे डाँट रहे थे. सब सुन रहे थे. आप एक बार बोल देतीं.”

निखिलने गाडी आणून समोर उभी केली, तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो.